आडवं झालं की बरं वाटतं

माझी मावशी शिवायची आणि बोलायची, दोन्ही एकाच वेळी आणि दोन्ही सारख्याच वेगाने. घराची पुढची खोली हे तिचं दुकान. खिडकीशी मशीन, भिंतीला लागून कापायचं टेबल, खिळ्यांवर गिऱ्हाइकांच्या पिशव्या आणि मधोमध एक आरसा, ज्याच्यासमोर उभं राहिलं की माणसाचं माप आणि अब्रू दोन्ही घेतली जात. "कंबर वाढलीय तुमची, माझ्या टेपला दोष देऊ नका," असं ती हेडमास्तरांना तोंडावर सुनवायची. हेडमास्तर पुढच्या वेळी पुन्हा तिच्याकडेच यायचे, कारण तिने शिवलेला कोट घातला की माणूस मुळातच ताठ कण्याचा आहे असं वाटायचं.

सगळी गल्ली तिला टेलरबाई म्हणे. मी मावशी म्हणते. माझी आई गेली तेव्हा मी शाळेतसुद्धा जात नव्हते, आणि त्यानंतर मला वाढवलं ते हिने. लाड केले असं म्हणणार नाही. तिने मला बटणांची काजं करायला शिकवलं आणि काज वाकडं झालं की उसवून पुन्हा करायला लावलं. पण तापात मी फणफणले की हीच बाई माझ्या उशाशी हातशिलाई घेऊन बसायची आणि मी डोळे उघडले की आधी मलाच झापायची, "किती घाबरवशील गं?"

तिच्या लेखी जगात एकच मोठं पाप होतं, ते म्हणजे दिवसा आडवं होणं. एखाद्याने थाप मारली तर ती एक वेळ हसून सोडून देई, पण दुपारी पाठ टेकणारं माणूस तिच्या मनातून उतरलं ते उतरलं. त्याचं मूळ मला खूप उशिरा कळलं. लग्न होऊन आली तेव्हा एका दुपारी तिचा डोळा लागला होता. तेवढ्यावरून सासूबाई आल्यागेल्याला सांगत सुटल्या, "आमच्या सूनबाईंना उशीचा भारी लळा." नवी सून, परकं घर, वर हसणारे शेजारी. मावशीने कानाला खडा लावला, आणि पुढे सासूबाई गेल्या तरी तो काढला नाही.

आता गंमत अशी की जन्माची गाठ पडली ती दिवसा झोपणाऱ्या माणसाशी. आमचे काका बेकरीत भट्टीवर होते. रात्रभर पाव भाजायचे, सकाळी पिठाने पांढरे होऊन घरी यायचे आणि पडद्यापलीकडच्या खोलीत झोपायचे. मावशी त्यांना "आमचे सूर्यवंशी" म्हणायची. काका कधी उलटून बोलले नाहीत. मुळात काका बोलायचेच कमी. दोघांच्या वाटणीचं बोलणं मावशी एकटी उरकायची. मात्र तिचं मशीन थांबलं की त्यांना जाग यायची. त्यामुळे काम नसलं तरी मावशी चिंधीवर टिपा घालत बसायची, हे मी स्वतः पाहिलंय. विचारलं तर म्हणायची, "मशीन गंजतं."

काका निवृत्त झाले, माझं लग्न झालं, मी दोन गल्ल्या सोडून राहायला गेले. मावशीची पाठ दर वर्षी थोडी वाकत गेली, जशी मशीनवर आयुष्य काढणाऱ्यांची वाकते. मग एकदा कुणाच्या तरी घरी पडदे टांगताना ती स्टुलावरून पडली आणि पाठीचा एक मणका दबला. पट्टा बांधून, कुरकुर करून, सगळ्यांना धारेवर धरून ती त्यातून उठली, पण उठली ती चांगली चार बोटं बुटकी होऊन. आरशात बघून म्हणाली, "कापड आटलं."

त्यानंतर तिला धाप लागायला लागली.

आधी ती मशीनवर बसली की थोड्या वेळाने थांबायची. मग बोलता बोलता वाक्य अर्धं सोडायची, आणि माझ्या मावशीने वाक्य अर्धं सोडणं म्हणजे काय ते तिला ओळखणाऱ्यालाच कळेल. ओठ काळपट दिसायचे. एकदा गिऱ्हाइकाचं माप घेताना तिला घेरी आली आणि ती टेप हातात धरूनच खाली बसली. आम्ही चौकातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या माणसाने तिची अवस्था बघून घाईघाईने तिला खाटेवर निजवलं, कुणीही निजवलं असतं. डॉक्टर येईपर्यंत तिचा श्वास शांत झाला होता. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा छान आला. छातीवर तारा लावून हृदयाची पट्टी काढली, तीही छान. त्यांनी श्वासाचा पंप दिला. पंपाने काही झालं नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, रक्त तपासलं, सोनोग्राफीने हृदयही पाहिलं, अर्थात डाव्या कुशीवर निजवून, जसं सगळ्यांचं पाहतात. सगळं ठीक. "वय झालं," ते म्हणाले. तिसरे म्हणाले, "मनाचं असतं हो बऱ्याचदा. यांना काही टेन्शन आहे का?"

टेन्शन! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरं सांगायचं तर गल्लीत कुजबुज सुरू झालीच होती. टेलरबाईंना आता काम झेपत नाही. दवाखान्यात गेलं की बऱ्या होतात, मशीनवर बसलं की आजारी पडतात. कुणीतरी हसत हसत बोललं आणि ते तिच्या कानावर गेलं. ती काही म्हणाली नाही. जिच्या जिभेला कधी हाड नव्हतं ती गप्प बसली, याचीच मला जास्त भीती वाटली. खिळ्यांवरच्या पिशव्या कमी व्हायला लागल्या. मावशी माझ्या डोळ्यांदेखत थोडी थोडी कमी होत होती, आणि तिला काय झालंय ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

त्याच सुमारास मला काकांच्या वागण्यात एक विचित्रपणा दिसायला लागला. ते दिवसभर दाराबाहेरच्या पायरीवर खुर्ची टाकून बसायचे. मी कोपऱ्यावर दिसले रे दिसले की त्यांना जोराचा खोकला यायचा. "अरे वा, आलीस का?" असं ते ओरडून विचारायचे. हा माणूस आयुष्यात कधी ओरडला नव्हता. मला वाटलं, कान गेले असतील.

एका दुपारी मी मागच्या बाजूने आले. वाळत घातलेलं कापड आत घ्यावं इतकाच विचार होता. मागचं दार लोटलं आणि जागीच उभी राहिले. मावशी जमिनीवर सतरंजी टाकून उताणी झोपली होती. डोक्याखाली उशीसुद्धा नव्हती. दोन्ही हात वर धरून ती एका शर्टाला बटणं लावत होती आणि गुणगुणत होती. चांगलं मोठ्याने, एका दमात एक अख्खी ओळ. ओठ असे की जणू आजारपण कधी आलंच नव्हतं.

मला पाहिल्याबरोबर ती धडपडून उठून बसली. आणि मग माझ्या डोळ्यांसमोर तिचे ओठ हळूहळू निळसर होत गेले. श्वास वर खाली व्हायला लागला. कोपर टेकून ती कशीबशी म्हणाली, "सुई... सुई पडली होती. शोधत होते."

"उताणी होऊन?"

"तुला काय करायचंय, शहाणे?"

मी तिला धरून परत निजवलं. ती नको नको म्हणत होती, पण अंगात जोर नव्हता. पाठ टेकली आणि थोड्याच वेळात श्वास जागेवर आला. ती छताकडे बघत राहिली, मग तिच्या डोळ्यांच्या कडेने पाणी वाहत कानात गेलं.

"आडवं झालं की बरं वाटतं मला," ती म्हणाली. "एकदम बरं. बसले की जीव जातो. आता हे कुणाला सांगू? डॉक्टरला सांगू, की बाबा रे, झोपलं की मी ठणठणीत असते? अख्खं गाव म्हणतंच आहे कामाचा कंटाळा आलाय म्हणून."

"मग डॉक्टरांना काय सांगितलंस?"

"सांगितलं, झोपल्यावरही तसंच होतं."

मी कपाळावर हात मारला. तीन डॉक्टर, इतक्या तपासण्या, आणि जी एक गोष्ट सांगायची तीच हिने फिरवून सांगितली होती. आणि काका? काका पायरीवर बसून पहारा देत होते. खोकला हा इशारा होता. कुणी आलं की ते खोकायचे आणि ती उठून मशीनशी बसायची, आल्यागेल्याला दिसावं म्हणून. माणसं गेली की काका दार लावून तिला निजवायचे. ती पडल्या पडल्या हातशिलाई करायची आणि काका रात्री मशीनवर, तिने सांगितल्याप्रमाणे, सरळ टिपा मारून द्यायचे. पिठाचे हात, पण बरे चालत होते म्हणे.

तिने मला शपथ घातली की हे कुणाला सांगायचं नाही. मी घेतली. पण एका अटीवर, शहरातल्या मोठ्या इस्पितळात हृदयाच्या डॉक्टरकडे यायचं. तिने बरेच आढेवेढे घेतले आणि मग आली.

हृदयाच्या डॉक्टर एक बाई होत्या. माझ्यापेक्षा लहान, केस मागे घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर फारसं हसू नाही. दारातून खुर्चीपर्यंत येण्यात मावशीला धाप लागली, तशी तिथल्या सिस्टरने तिला चटकन खाटेवर घेतलं. पुन्हा तेच! डॉक्टर हात धुऊन आल्या तोवर मावशीचा आकडा पंच्याण्णव झाला होता. त्यांनी शांतपणे सगळे जुने कागद पाहिले, छाती ऐकली.

"झोपल्यावरही दम लागतो का?" त्यांनी विचारलं.

"लागतो ना," मावशी म्हणाली, छताकडे बघत.

"रात्री उठून बसावं लागतं?"

"लागतं की."

डॉक्टरांनी पेन उचललं. मी माझी शपथ गिळून बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या मागे खुर्ची सरकली. काका उभे राहिले होते. टोपी दोन्ही हातांत गच्च धरलेली.

"डॉक्टर," ते म्हणाले, "ती खोटं बोलतेय."

मावशीने मान वळवून पाहिलं. चाळीसहून जास्त वर्षांच्या संसारात काकांनी तिचं बोलणं चारचौघांत खोडलं नव्हतं. घरातही नव्हतं.

"झोपली की ती गाणी म्हणते," काका म्हणाले. "बसली की निळी पडते. मी रोज बघतो. मीच लपवलं. तिला लाज वाटते म्हणून मी लपवलं, पण आता ती मला जाताना दिसतेय. तुम्ही तिला बसवा. बसवून बघा."

"घरी चला," मावशी म्हणाली. "मग बघते तुमच्याकडे."

डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. पेन खाली ठेवून खाटेपाशी आल्या. "पुन्हा सांगा," त्या काकांना म्हणाल्या. काकांनी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी स्वतः मावशीच्या पाठीखाली हात घालून तिला उठवून बसवलं आणि बोटावरचा चिमटा तसाच राहू दिला. आम्ही सगळे त्या छोट्या पडद्याकडे बघत होतो. आकडा थोडा वेळ होता तिथेच राहिला, मग उतरायला लागला. नव्वद. सत्त्याऐंशी. ब्याऐंशीवर येऊन थांबला. डॉक्टरांनी तिला निजवलं, आकडा चढला. पुन्हा बसवलं, उतरला.

"मी कामचुकार नाही हो," मावशी धापा टाकत म्हणाली.

"तुम्ही फार खोटं बोलता, तेवढा एकच दोष आहे," डॉक्टर म्हणाल्या. "असा आजार मी शिकताना फक्त वाचला होता. आज पहिल्यांदा बघतेय."

मग त्यांनी आम्हाला समजावलं. आईच्या पोटात असताना प्रत्येकाच्या हृदयात वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक छोटं दार असतं. जन्मानंतर बहुतेकांचं ते चिकटून बंद होतं, काहींचं नुसतं लोटलेलं राहतं. त्याने सहसा काही बिघडत नाही. माणूस म्हातारा होऊन मरतो तरी त्याला पत्ता नसतो. मावशीचंही तसंच होतं. पण पाठ वाकत गेली, वर मणका दबला, आणि आत सगळंच थोडं सरकलं. आता ती उठून बसली की ते दार ताणलं जाऊन उघडायचं आणि फुप्फुसात जाऊन ताजं व्हायचं ते रक्त तिथूनच परस्पर पलीकडे निसटायचं. आडवं झालं की दार आपोआप मिटायचं. म्हणून निजवून केलेल्या प्रत्येक तपासणीत ती ठणठणीत निघाली होती.

खात्रीसाठी आणखी एक तपासणी झाली. सलाइनचं पाणी हवेबरोबर घुसळून त्याचे अगदी बारीक बुडबुडे हाताच्या शिरेतून सोडले आणि हृदय पडद्यावर पाहिलं. मावशी निजलेली असताना उजवीकडचा कप्पा पांढऱ्या ठिपक्यांनी भरला आणि डावीकडे जेमतेम दोन-चार चुकार ठिपके आले. मग तिला बसवून पुन्हा सोडले. ठिपके धो धो पलीकडे गेले, डावा कप्पा पांढराशुभ्र झाला. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण एवढं कळलं. मावशी मान वाकडी करून बघत होती.

"खिशाची शिवण उसवलीय," ती म्हणाली.

"उसवलीय," डॉक्टर म्हणाल्या. "पण टाका घालायला छाती उघडावी लागणार नाही."

मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी थेट हृदयापर्यंत न्यायची, दाराच्या दोन्ही बाजूंना तारेच्या जाळीची एकेक चकती उघडायची आणि मधलं भोक बंद करायचं, असा तो उपचार होता. धोका किती, तेही त्यांनी सांगितलं, काही न लपवता. मावशीने सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर ती माझ्याशी चकार शब्द बोलली नाही. काकांशी तर नाहीच. रिक्षात ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजली होती आणि काका पुढे ड्रायव्हरशेजारी टोपी चुरगाळत बसले होते. घर जवळ आल्यावर ती म्हणाली, "लपवायला मीच लावलं होतं. त्यांना काही बोलायचं नाही." जणू मीच काही बोलत होते.

उपचाराच्या सकाळी तिला आत नेलं तेव्हा काका दारापर्यंत ट्रॉलीची कड धरून चालत गेले. मग आम्ही बाकावर बसलो. काका देवाचं नाव घेत नव्हते, काही नाही. नुसते त्या दाराकडे टक लावून होते. मला कितीतरी वेळा वाटलं, त्यांचा हात हातात घ्यावा, आणि शेवटी घेतला. त्यांनी माझा हात इतका घट्ट दाबला की माझी अंगठी रुतली. डॉक्टर बाहेर आल्या, तोंडावरचा मास्क खाली केला आणि "झालं" म्हणाल्या, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. काकांनी एवढंच विचारलं, "बसवून पाहिलंत?"

"अजून नाही. मांडीच्या शिरेची जखम मिटेपर्यंत त्यांना सपाट पडून राहायचंय. संध्याकाळी बसवू."

संध्याकाळी सिस्टरने खाटेची डोक्याकडची बाजू हळूहळू वर केली आणि मग मावशीला पूर्ण बसवलं. डॉक्टर चिमट्याच्या आकड्याकडे बघत होत्या, मीही बघत होते. चौऱ्याण्णव. थांबलो. चौऱ्याण्णवच. पंच्याण्णव झाला. मावशीने मात्र तिकडे पाहिलंच नाही. ती काकांच्या तोंडाकडे बघत होती, आणि काका तिच्या ओठांकडे. इतके महिने त्यांच्यापाशी तेवढंच यंत्र होतं.

"लाल आहेत," काका म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं. भट्टीपुढे उभं आयुष्य काढलेला तो माणूस खाटेच्या दांडीला धरून लहान मुलासारखा रडला.

"पुरे," मावशी म्हणाली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. "लोक बघतायत."

रात्री मी घरी गेले, काका तिथेच थांबले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन वॉर्डात पोचले तर मावशी खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. सरळ नाही, तिची पाठ आता सरळ होणार नाही. पण बसली होती, ओढणी-बिढणी नीट करून, शेजारच्या पेशंटच्या गाउनचा खांदा किती वाईट शिवलाय ते तिला एका दमात सांगत. आणि तिच्या खाटेवर, पेशंटची चादर अंगावर घेऊन, काका गाढ झोपले होते. बूट तेवढे खाली काढून ठेवलेले.

"रात्रभर जागे होते," मावशी मला म्हणाली. "मी श्वास घेते की नाही ते बघत. मीच म्हटलं, या, आडवे व्हा. कधीपासून राखण करताय."

मी डबा खिडकीत ठेवला. तेवढ्यात नवीन ड्यूटीवरच्या सिस्टर ट्रे घेऊन आल्या, खाटेपाशी थांबल्या, काकांकडे पाहिलं, मग पायथ्याशी लावलेल्या कागदाकडे पाहिलं.

"हे कोण? पेशंट कुठेत?"

"मी पेशंट," मावशी हलक्या आवाजात म्हणाली आणि आपला हात पुढे केला. "काय तपासायचं ते इथे बसूनच तपासा. त्यांना उठवू नका."